साखरेचं डोकं आणि मारुंजीतले नऊ दिवस

परत येऊन आठवडा झाला, पण गिरणीवर दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई तेच विचारते, "आक्का, पुण्याकडं भाचीकडं गेला होता म्हणं, काय काय बघितलं?" एकेकीला सांगून माझा घसा बसला. त्यात गिरणी चालू असली की निम्मं ऐकू येत नाही आणि निम्म्याचं भलतंच होतं. एकीनं तर गावभर सांगितलं की आक्कानं पुण्यात जाऊन माणसाचं डोकं शिजवलं. म्हणून म्हटलं, सरळ लिहूनच काढावं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी भाचीच्या मागच्या वर्षाच्या पुस्तकांतून, ती शाळेत गेल्यावर शिकले. तेव्हा शुद्धलेखन बघू नका, मजकूर बघा.

आधी थोडं घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. केतकी ही माझा धाकटा भाऊ दत्तू याची एकुलती एक लेक. दत्तूला फिट येते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणी मूळची त्याची. चालू पट्ट्याशेजारी एकदा फिट आली, थोडक्यात हात वाचला, तेव्हापासून गिरणी मी चालवते. तीन वेळा त्याच्या डोक्याचा मोठ्या मशिनीतला फोटो काढला आणि तिन्ही वेळा कागदावर एकच लिहून आलं, की वावगं काही दिसत नाही. तिसऱ्या वेळी घरी येऊन तो म्हणाला, "आक्के, आता मी कुठल्या मशिनीत झोपणार नाही. नसलेलं दुखणं किती वेळा दाखवायचं?" फिटा मात्र येतच राहिल्या. केतकी तेव्हा दहावीला होती. तिनं पुढं जे शिक्षण घेतलं ते ह्या मशिनीचंच.

तिचा फोन आला तो मार्गशीर्ष लागल्यावर. "आत्या, आठ-नऊ दिवस ये. स्वयंपाकघरात एक काम आहे. साखरेचं आहे, आणि साखरेवर तुझ्यासारखा हात कुणाचा नाही." वहिनी, म्हणजे दत्तूची बायको, म्हणाली, गिरणी मी बघते, जावा तुम्ही. गेले.

मारुंजी, पहिला दिवस

मारुंजी म्हणजे गाव म्हणावं तर गाव नाही, शहर म्हणावं तर रस्त्याला म्हशी. समोर वीस मजल्याची सोसायटी, तिच्या भिंतीला लागून कोथिंबिरीचा वाफा. टेम्पो, मोटारसायकली, पाठीला पिशव्या लावलेली पोरंपोरी. वाणी मराठीत विचारतो, गिऱ्हाईक हिंदीत सांगतं, पैसे मोबाईलवर जातात आणि कुणाचं काही अडत नाही.

केतकी भाड्यानं राहते ते घर शेवंताबाईंचं. बाई माझ्याच वयाच्या, मूळच्या इथल्या. थोडी जमीन विकली, उरलेल्यावर तीन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. स्वतः खाली राहतात, दारात एक म्हैस अजून बांधलेली. मला बघून म्हणाल्या, "या ताई. तुमची पोरगी लई गुणाची हाय, पर जेवत न्हाई. दिसभर त्या डब्याम्होरं बसतीया. लगीन कवा करतीया इचारलं तर म्हनती, काकू, आधी पल्स जमू द्या. ह्यो पल्स कोन, कुटला, त्ये तरी बघा!"

मी हसत जिना चढले आणि दार उघडताच किंचाळले. जेवायच्या टेबलावर दोन डोकी ठेवलेली. पांढरी, पोकळ, नाक-डोळे नसलेली प्लॅस्टिकची डोकी, मानेच्या बाजूला बूच.

"आत्या, घाबरू नको. ह्यातलं एक तुला भरायचंय," केतकी म्हणाली.

चहा झाल्यावर तिनं समजावलं, ते मला जसं कळलं तसं सांगते. ह्या मशिनीत मोठा चुंबक असतो. आपल्या मेंदूत पाणीच पाणी, त्या पाण्याचे कण चुंबकापुढं रांगेत उभे राहतात. मग रेडिओची एक लहर आत सोडायची. तिच्या धक्क्यानं कण कलंडतात, आणि परत सरळ होताना जी कुजबुज करतात तिच्यावरून फोटो उमटतो. तो धक्का म्हणजे पल्स. आता नव्या, फार जोराच्या चुंबकात फोटो अतोनात बारीक निघतो, मोहरीएवढं व्यंगसुद्धा दिसावं इतका. पण तिथं ती लहर फार आखूड होते, डोक्यात शिरली की वीतभरसुद्धा उरत नाही. मग डोक्याच्या मधोमध लाटा एकमेकींवर चढतात आणि कानशिलाजवळ एकमेकींना मारून टाकतात. मध्ये लख्ख, कडेला अंधार.

"आणि बाबांसारख्या फिटा बरेचदा नेमक्या कानशिलामागूनच सुरू होतात," ती म्हणाली.

"मग लहर जोरात सोडायची," मी म्हटलं.

"डोकं तापतं. ठरल्यापेक्षा जास्त तापणार असं दिसलं की मशीन चालायलाच नकार देते. म्हणून डोक्याभोवती आठ तारांची टोपी बसवायची आणि प्रत्येक तारेतून वेगळ्या वेळेला, वेगळ्या जोरानं लहर सोडायची. कुठली कधी, हे ठरवायचं माझं काम."

मी म्हटलं, "म्हणजे दारं धरायचंच काम की गं!" आपल्याकडं विहिरीला पाणी कमी. तोंडाशी दारं फोडलं की पुढचा भाग तुडुंब आणि वाफ्याचा कोपरा कोरडा. शहाणी बाई एक दारं अर्धं बांधते, दुसरं फोडते, आणि घागरभर पाण्यात कोपऱ्यापर्यंत ओल नेते. केतकीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हेच मी साहेब लोकांना तासभर इंग्रजीत सांगते."

आता डोक्याचं. अशी लहर एकदम जित्या माणसावर सोडत नाहीत. आधी खोटं डोकं करायचं, आत असा रस भरायचा जो लहरीला मेंदूसारखाच वाटेल. तो रस म्हणजे पाणी, मीठ, पुष्कळशी साखर आणि गोठवायला चायना ग्रास. गुरुवारी सकाळी, दूर दक्षिणेत एका संस्थेत तसा मोठा चुंबक आहे, तिथं तिला दोन तास मिळाले होते. तिथले डॉक्टर बघणार होते. कानशील उजळलं आणि डोकं तापलं नाही, तर पुढं माणसांवर करून बघायला हो म्हणणार. नाहीतर ते दुसऱ्या लोकांची पद्धत घेणार. तीन वर्षांचं काम, आणि दोन तास.

सोमवार, पाक

तीन किलो साखर मोजून घेतली. मोजून म्हणजे काय, सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर! मीठ तर तिनं कागदावर घेऊन फुंकर लागेल म्हणून श्वास धरून मोजलं. पाणी औषधाच्या दुकानातून आणलेलं. शेवंताबाईंनी लग्नकार्याचं पातेलं दिलं. सगळं पातेल्यात गेलं आणि केतकीला फोन आला. "आत्या, मला अर्धा तास बोलावं लागेल. नुसतं गरम ठेव, झाकण ठेव, हलवत राहा," एवढं सांगून ती आतल्या खोलीत गेली.

मी हलवत बसले. झाकण काढून बघितलं तर पाक अगदी कच्चा. पाण्यासारखा. आता मला सांगा बायांनो, कच्च्या पाकात कुणाची वडी पडली आहे का? माझ्या हातून तरी कधी नाही. मला वाटलं, पोरगी शिकलेली आहे पण पाकाचं हिला काय ठाऊक, गोठलं नाही तर फजिती व्हायची. मी झाकण बाजूला केलं, गॅस वाढवला, आणि चांगला एकतारी पाक केला. दोन बोटांत धरून तार बघितली. सुरेख आली. मग चायना ग्रास विरघळवलं आणि कौतुकानं डोक्यात ओतून बूच लावलं. खाली परातीत पाणी घालून डोकं मधोमध ठेवलं, मुंग्या लागू नयेत म्हणून.

केतकी बाहेर आली. पातेल्याच्या तळाशी उरलेला रस तिनं वाटीत घेतला आणि त्यात, रस मेंदूसारखा झालाय का ते मोजायची सळई घातली. आकडा बघितला. सळई पुसून पुन्हा घातली.

"आत्या, झाकण होतं ना?"

"काढलं होतं गं थोडं. पाक कच्चा होता."

"किती वेळ?"

"एकतार येईपर्यंत."

ती ओरडली. खोटं कशाला सांगू, चांगली ओरडली. "नुसतं गरम ठेव म्हटलं होतं ना! ह्यातलं पाणीच उडालं! हे डोकं नाही, हे वाळवण झालं!" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा ती पोर माझ्यावर ओरडली. मला राग नाही आला, भीती वाटली. तीन वर्षांचं काम माझ्या एकतारीत बुडालं की काय, असं वाटलं. खाली गेले, तर शेवंताबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पातेल्याच्या काठाचा रस बोटानं चाटला आणि म्हणाल्या, "आवं ताई, खारट म्हैसूरपाकच झालाय की वो! डोस्कं हाय का मिठाई? रडू नगा. साकर माज्याकडं लई पडलीया. दुसरं डोस्कं हाय न्हवं रिकामं?"

संध्याकाळी केतकीनं स्वतः येऊन माझा हात धरला. दुसरं डोकं आम्ही मिळून भरलं. ह्या खेपेला गॅसला मी हात लावला नाही, फक्त हलवलं, बुडबुडा राहू नये म्हणून डोकं कलतं धरून काठाकाठानं ओतलं. बुडबुडा राहिला तर फोटोत काळं भोक दिसतं म्हणे. तेवढं मात्र मला जमतं. सळईचा आकडा बरोबर आला.

बुधवार, मुळशी

डोकं न्यायला तिच्या कामातला समीर आला. तिकडं दक्षिणेत मशिनीपाशी तो राहणार आणि केतकी घरूनच कॉम्प्युटरवरून लहर पाठवणार, असं ठरलं होतं. मुलगा मोठा थट्टेखोर. बरोबर जमलेलं डोकं गाडीत ठेवून झालं आणि त्याची नजर परातीतल्या माझ्या डोक्यावर गेली. "हे कुणाचं?"

"ते बिघडलेलं. आत्यानं पाक केला," केतकी म्हणाली.

"आत्या, ग्रेट! केतकी, हे पण दे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझा पल्स फक्त तू मोजून बनवलेल्या डोक्यावर चालतो का? माणसं काय काट्यावर मोजून जन्माला येतात?"

केतकीचा चेहरा उतरला. डॉक्टरांसमोर ह्या डोक्यावर लहर फसली तर सगळंच जाईल, हे तिला कळत होतं. मला वाटलं नाही म्हणेल. थोडा वेळ ती नखं खात उभी राहिली आणि मग तिनंच परातीतून डोकं उचललं, पुसलं, माझ्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि समीरच्या हातात दिलं. "पट्टा लाव त्याला," एवढंच म्हणाली.

मग ती कॉम्प्युटरपुढं बसली. आता मी घरात थांबून तिच्या जिवाला घोर नको, म्हणून शेवंताबाई मला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या, मुळशीला. त्यांचा भाऊ पिकअपमधून तांदूळ पोचवायला आला होता, त्याच्याच शेजारी दोघी बसलो. नांदे, चांदे, घोटावडे, पौड. पौडाच्या पुढं इमारती सरल्या आणि डोंगर आले. आणि मग धरणाचं पाणी. बायांनो, एवढं पाणी मी एका जागी कधी बघितलं नव्हतं. आपल्याकडं टँकर आला की हंडे धावतात. इथं पाणी डोंगराच्या खाचाखाचांतून आत शिरून निवांत पडलेलं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात जोडले. शेवंताबाई म्हणाल्या, "जोडा, जोडा. पर आमच्या म्हाताऱ्यांची गावं हाईत त्येच्या खाली, त्येंच्या बी नावानं जोडा." जोडले.

भाताची झोडणी चालली होती. आपण ज्वारीची मळणी करतो, हे लोक भाताच्या पेंढ्या फळीवर आपटतात. दाणे खाली, पेंढा हातात. आपला कडबा खसखसतो, ह्यांचा पेंढा मऊ, जनावराखाली अंथरावा असा. मी चार पेंढ्या आपटल्या, पाचव्याला फळी चुकून स्वतःच्या पायावर. सगळ्या बाया हसल्या, आणि त्यातलीच एक तेल घेऊन आली.

जेवायला तांदळाची पांढरी भाकरी, नवा इंद्रायणीचा भात आणि धरणातल्या माशाचं कालवण. भाताचा वास असा, की कालवणाशिवाय दोन घास खाल्ले. मासा खायची सवय नाही, तिसऱ्या घासाला काटा घशात अडकला. "गप ऱ्हावा, बोलू नगा," म्हणून शेवंताबाईंनी कोरड्या भाताचा लाडूएवढा गोळा माझ्या तोंडात कोंबला. गिळला आणि काटा गेला. बोलू नका म्हटल्यावर पाच मिनिटं मी गप्प राहिले, हे मात्र दत्तूला खरं वाटत नाही.

निघताना त्यांच्या भावजयीनं पाच किलो तांदूळ बांधून दिला. ओळख ना पाळख. मी नको म्हटलं तर म्हणाली, "पोरीच्या कामाला जातायसा न्हवं? शिजवून घाला तिला."

गुरुवार, सकाळ

आंघोळ करून आम्ही दोघी कॉम्प्युटरपुढं बसलो. पडद्यावर एका चौकटीत समीर, एका चौकटीत तिथल्या डॉक्टरबाई आणि मधल्या मोठ्या चौकटीत फोटो येणार.

आधी सगळे वापरतात ती साधी लहर सोडली, फरक कळावा म्हणून. मधोमध पांढरंफटक आणि दोन्ही कानशिलांना काजळ फासल्यासारखा काळोख. माझ्या भावाचं दुखणं असंच कुठं तरी काळोखात बसलं असेल, हे तेव्हा मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. मग केतकीची लहर. फोटो वरून खाली उमटत गेला, आणि कानापासून कानापर्यंत एकसारखा राखाडी. कोपरासुद्धा. तापायचा काटा हिरव्यात. "छान," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग समीरनं माझं डोकं आत ठेवलं. शाल काढताना तो हसला, ते ऐकू आलं. केतकीनं माझं मनगट धरलं होतं.

मशीन चाललीच नाही. काटा तांबड्यात. समीरनं जोर कमी केला, तेव्हा चालली, पण डावं कानशील काळं.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "केतकी, डोकं जरा बदललं की फसत असेल, तर मी माणसांवर कशी परवानगी देऊ? रुग्णांत लहान मुलंही असतात, माझ्या आईच्या वयाचेही असतात."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते काळं कानशील माझ्या हातचं होतं. पण केतकी म्हणाली, "मॅडम, बरोबर आहे तुमचं. माझा वेळ अजून संपलेला नाही. मला तासभर द्या." आणि कामाला लागली.

त्या तासात तिनं काय केलं ते मला नंतर सांगितलं. आतापर्यंतची लहर एकाच डोक्याचा हिशोब धरून केलेली होती. आता तिनं दोन्ही डोकी एकदम धरली, ओलं आणि सुकं, आणि कॉम्प्युटरला म्हटलं, दोघांनाही चालेल अशी एकच शोध. मधोमध थोडं कमी उजळलं तरी चालेल, कोपरा सोडायचा नाही, आणि ताप वाढवायचा नाही. आकडे पळत होते. शेवंताबाई चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडं बघून दारातच थबकल्या. "काय झालं?" त्यांनी मला खुणेनं विचारलं. मी नुसता हात हलवला. त्या चहा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. चहाला साय धरली तरी उभ्याच.

वीस मिनिटं उरली असताना केतकीनं नवी लहर पाठवली.

माझं डोकं आधी. काटा वर चढला, चढला, आणि तांबड्याच्या खाली थांबला. फोटो उतरू लागला. कपाळ, मग मध्य, पूर्वीपेक्षा जरा फिकट. मग कानशील. काळं नव्हतं. मधल्याएवढं उजळ नाही, पण आतलं सगळं दिसत होतं. चायना ग्रासची एक गुठळी माझ्याकडून विरघळायची राहिली होती, तीसुद्धा दिसली!

मग पुन्हा चांगलं डोकं. तेही उजळलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पडद्याजवळ तोंड आणलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ही लहर मी घेते. आधी निरोगी माणसांवर. तुमची ती सुकलेली कवटी इथंच ठेवा, आम्हाला लागेल."

केतकी टेबलावर डोकं टेकून रडली. समीर तिकडून काहीतरी थट्टेचं बोलत होता, आवाज त्याचाही धड नव्हता. शेवंताबाईंनी चहाचे कप खाली ठेवले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "जमला का त्यो पल्स?" जमला म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग आता लग्नाचं बघा."

किती जणांचे आभार मानू? एका अनोळखी बाईनं साखर दिली, दुसरीनं तांदूळ दिला. त्या डॉक्टरबाईंनी खोटं हो म्हटलं नाही, ह्याचे तर मी सगळ्यांत जास्त मानते. आणि समीरचे, त्यानं ते डोकं मागून नेलं म्हणून.

दुपारी मी दत्तूला फोन लावला. सगळं सांगितलं, पाकासकट. तो हसला. मग त्यानं विचारलं, "आक्के, माझं दिसंल का त्यात?"

"खरं सांगू का? ठाऊक नाही. आधी धडधाकट माणसं, मग परवानग्या, मग आजारी. वर्ष जाईल, दोन जातील. दिसलं तरी औषध निघंलच असंही नाही. पण आजवर बघायची सोय नव्हती त्या जागी आता बघता येईल, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय."

पलीकडं गिरणीचा आवाज येत होता. वहिनी कुणाला तरी दळण थांबव म्हणाली. आवाज बंद झाला.

"लई आवाज करतंय का ते मोठं मशीन?"

"नेहमीच्यापेक्षा जास्तच, म्हणती पोरगी."

"करू दे," दत्तू म्हणाला. "आजाऱ्यांची नावं घेतील तवा माझं घाल म्हणावं. येतो मी."

मी फोन केतकीच्या हातात दिला आणि तांदूळ धुवायला उठले.